तेराव्या वर्षाची रेघ

मुलाचें वय किती झालें म्हणजे कोणती गोष्ट त्याच्या हातीं मोकळी द्यावी, हा प्रश्न प्रत्येक पिढीच्या आईबापांस नव्यानें पडत आला आहे. कादंबरी आली तेव्हां तो पडला. नाटक व सिनेमा आले तेव्हांही पडला. परंतु त्या वेळीं त्याचें उत्तर घरांतील वडील माणसें आपल्या समजुतीप्रमाणें देत असत. इंटरनेटच्या बाबतींत मात्र हें उत्तर घराबाहेर आधींच ठरून आलेलें आहे. कित्येक लोकप्रिय ॲपच्या दारांत पाऊल ठेवतांच जन्मसालाचा रकाना पुढें येतो. वय तेराच्या खालीं भरलें कीं दार बंद. तेरा भरलें कीं तेंच दार सताड उघडें. हा तेराचा आंकडा आला कोठून? मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या पंडितांनीं तो ठरविला असावा, असा आमचा पुष्कळ दिवस समज होता. इतिहास पाहूं जातां तो समज टिकत नाहीं.

भारतांत सामान्य जनतेस इंटरनेट खुलें झालें तें ऑगस्ट १९९५ मध्यें. त्याच सुमारास अमेरिकेंत ह्या नव्या साधनाविषयीं पहिला मोठा गजर झाला, तो अश्लीलतेचा. १९९६ सालीं तेथील कायदेमंडळानें मुलांच्या दृष्टीस पडेल असा अशिष्ट मजकूर प्रसिद्ध करणें गुन्हा ठरविलें. परंतु पुढच्याच वर्षीं, जून १९९७ मध्यें, तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्या कायद्याचा मुख्य भाग रद्द केला. मुलांच्या रक्षणाचा हेतु न्यायालयानें नाकारला नाहीं; पण त्यासाठीं प्रौढ माणसांचें बोलणेंही दाबलें जातें, असा त्याचा अभिप्राय होता.

ह्या गाजलेल्या वादाच्या आड दुसरी एक गोष्ट निमूटपणें चालली होती. मुलांसाठीं म्हणून उघडलेलीं संकेतस्थळें खेळ, कोडीं व बक्षिसें ह्यांच्या मिषानें मुलांपासून त्यांचें नांव, पत्ता, आवडीनिवडी, क्वचित् घरची हकीकतही काढून घेत होतीं. १९९६ सालीं 'सेंटर फॉर मीडिया एज्युकेशन' ह्या संस्थेनें तें उघडकीस आणलें. १९९८ मध्यें अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें मुलांचीं २१२ संकेतस्थळें तपासलीं, तेव्हां त्यांपैकीं शेंकडा ८९ मुलांकडून खासगी माहिती घेत असल्याचें आढळलें. आईबापांच्या हातीं कांहीं नियंत्रण ठेवणारीं शेंकडा दहासुद्धां नव्हतीं. येथें धोका मुलानें काय पाहिलें ह्याचा नव्हता. मुलास कोण पाहत आहे, ह्याचा होता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ह्याविरुद्ध कायदा झाला व २१ एप्रिल २००० पासून तो अमलांत आला. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती आईबापांच्या पडताळलेल्या संमतीवांचून घेऊं नये, हें त्याचें सार.

मूळ मसुद्यांत ह्या कायद्याची छाया सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांवर धरलेली होती. व्यापारी कंपन्यांस ती नको होती. आणि नागरिक-स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांसही एक रास्त शंका होती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीस आपल्या शरीराविषयीं किंवा घरांतील जाचाविषयीं कांहीं विचारावयाचें असल्यास तिनें प्रथम बापाची परवानगी आणावी काय? ह्या ओढाताणींत रेघ तेरावर येऊन थांबली. तेराव्या वर्षीं मुलास शहाणपण येतें, असा त्याचा अर्थ नव्हता. तो एक तह होता.

पण तहाची रेघ कांहीं काळ टिकली म्हणजे लोक तिला निसर्गाची सीमा समजूं लागतात. येथेंही तसेंच झालें. संमति मिळविण्याचा खर्च व खटपट टाळावी म्हणून अनेक कंपन्यांनीं तेराखालील मुलांस प्रवेशच नाहीं असें जाहीर केलें. शिवाय, जें स्थळ सर्वांसाठीं म्हणून चालतें, तेथें मूल लहान असल्याचें कंपनीस प्रत्यक्ष ठाऊक असेल तरच कायद्याचा हात तिच्यापर्यंत पोहोंचे. म्हणजे ठाऊक नसणेंच सोयीचें झालें. २०१९ सालीं यूट्यूबच्या चालकांनीं १७ कोटि डॉलर भरून एक प्रकरण मिटविलें. त्यांतील आरोप असा कीं, खेळणीं विकणाऱ्यांपुढें ही कंपनी मुलांमधील आपल्या लोकप्रियतेची बढाई मारीत असे, आणि कायद्याचा विषय निघाला म्हणजे आपलें स्थळ मुलांसाठीं नाहींच, असें सांगे. इकडे घरोघर काय झालें? २०११ मध्यें डॅना बॉइड व त्यांचे सहकारी ह्यांनीं अमेरिकन आईबापांची एक पाहणी प्रसिद्ध केली. तेरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं फेसबुकवर गेलेल्या मुलांच्या बहुतेक आईबापांस ती गोष्ट ठाऊक होती. इतकेंच नव्हे, खातें उघडण्यास पुष्कळांनीं स्वतः हातभार लावला होता.

वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. आम्हीही त्यांतलेच आहों. गेल्या वर्षीं आमची अकरा वर्षांची नात मैत्रिणींच्या गटांत जाण्यासाठीं हट्ट धरून बसली, तेव्हां रकान्यांत तीन वर्षें मागचें साल आम्हींच घातलें. "आजोबा, हें खोटें नाहीं का?" असें तिनें विचारलें. "असल्या ठिकाणीं चालतें," हें आमचें उत्तर. पुढें एका अनोळखी इसमानें तिच्याकडे फोटो मागितले, तेव्हां आठ दिवस ती कोणाजवळ बोलली नाहीं. कां बोलली नाहींस, असें विचारतां म्हणाली, "माझें वय खोटें आहे, हें सर्वांना कळलें असतें ना!" त्या वाक्यानें आम्हांस ह्या इतिहासाच्या मागें लावलें.

वयाच्या रेघेवरून भांडण महाराष्ट्रास नवें नाहीं. १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यानें दहाची मर्यादा बारावर नेली, तेव्हां सरकारनें घराचा उंबरठा ओलांडावा कीं नाहीं, ह्यावर पुण्यांत केवढा वाद माजला! आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूनें उभे राहिले. टिळकांनीं परक्या सरकारच्या ह्या हस्तक्षेपास कडाडून विरोध केला. दोन प्रसंगांचें साम्य ओढूनताणून लावण्याचा आमचा विचार नाहीं. पण त्यांतील भेद मात्र बोलका आहे. तेव्हां अपाय घराच्या आंत होता व कायदा बाहेरून दार ठोठावीत होता. आतां अपाय बव्हंशीं बाहेरून येतो, आणि त्यावरचा पहारा घरानें एकट्यानेंच करावा, असें बाहेरचे लोक म्हणतात.

गेल्या कांहीं वर्षांत वारें फिरूं लागलें आहे. युरोपांत २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनीं मर्यादा सोळा धरून ती तेरापर्यंत खालीं आणण्याची मुभा निरनिराळ्या राष्ट्रांस दिली. ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्याची बंदी केली, व ती पाळण्याची जबाबदारी मुलांवर वा आईबापांवर न टाकतां कंपन्यांवर टाकली. आपल्याकडील २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा तर अठरा वर्षांखालील प्रत्येकास मूलच मानतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांत आईबापांच्या संमतीच्या भागास अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. मुलांवर पाळत ठेवणें व त्यांस हेरून जाहिराती करणें ह्यांस ह्या कायद्यांत बंदी आहे, हें आम्ही त्याचें खरें मोल समजतों. पण रेघ जितकी वर जाईल, तितकीं तिच्याखालून वांकून जाणारीं मुलें वाढतील. आणि सतरा वर्षांच्या मुलीनें बापाची परवानगी आणावी काय, हा १९९८ चा प्रश्न आपल्या घरांत अधिक तीव्रतेनें उभा राहील.

असो. कायद्यानें कंपन्यांस आवरावें, हें योग्यच. परंतु पाव शतकाच्या ह्या इतिहासावरून आम्ही एवढें शिकलों कीं, मुलास राखणारी वस्तु ती रेघ नव्हे. संकट आलें असतां बेधडक घरीं येऊन सांगण्याची मोकळीक मुलास असेल, तर तीच त्यास राखते. ती मोकळीक आम्हीं एका खोट्या सालाच्या बदल्यांत गहाण टाकली होती. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ व इंटरनेटवरील फसवणुकीच्या तक्रारीसाठीं १९३० हे क्रमांक देशभर आहेत; पण त्यांच्याही आधीं मुलानें हांक मारावी ती घरच्या माणसांस. नातीच्या खात्यांतील साल आम्हीं दोघांनीं मिळून दुरुस्त केलें, आणि अर्थातच खातें बंद झालें. दोन दिवस ती रुसून होती. तिसऱ्या दिवशीं मैत्रिणीवर आलेल्या अशाच एका प्रसंगाची हकीकत तिनें आपण होऊन आम्हांस सांगितली.