दोघांचे भांडण, पण तराजू कोणाच्या हातात?

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण आपण सगळेच लहानपणी शिकलो, ती दोन मांजरे, लोण्याचा गोळा आणि माकड यांच्या गोष्टीबरोबर. २०१८ साली अमेरिका आणि चीन यांनी एकमेकांच्या मालावर जकाती चढवायला सुरुवात केली, तेव्हापासून ही म्हण आपल्या मंडळांच्या पंगतीत पुन्हा ऐकू येऊ लागली. एप्रिल २०२५ मध्ये तर चिनी मालावरची अमेरिकन जकात १४५ टक्क्यांवर आणि अमेरिकन मालावरची चिनी जकात १२५ टक्क्यांवर जाऊन पोहोचली. त्या दिवसांत ‘आता भारताचे फावणार’ असे म्हणणारा एकही गृहस्थ भेटला नाही असा शनिवार-रविवार गेला नसेल.

माझा जन्म वऱ्हाडातला, कापूस पिकवणाऱ्या घरातला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ हे शब्द मी आजीच्या तोंडून असंख्य वेळा ऐकले आहेत. त्यामुळे कोणी तिसऱ्याच्या लाभाची गोष्ट काढली, की मला एक जुना हिशेब आठवतो. त्यातही दोन मोठे भांडणारे होते आणि तिसरे आपण होतो. लाभही झाला, थोडाथोडका नव्हे, डोळे दिपतील एवढा. तो किती दिवस टिकला आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

कापूस राजा आणि सोरा प्रधान

१८६० साली जगातली सर्वात बलाढ्य औद्योगिक सत्ता इंग्लंड होती आणि तिच्या कारखानदारीचा कणा होता लँकेशायरचा कापडधंदा. तिथल्या गिरण्यांना लागणाऱ्या दर पाच गाठींपैकी सुमारे चार गाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडून येत. तो कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत असे. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर जेम्स हॅमंड यांनी १८५८ साली सिनेटमध्ये ‘कापूस हा राजा आहे’ अशी घोषणाच करून टाकली होती. अर्थ असा, की आमच्या वाटेला जाल तर इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्लंडला आमच्या बाजूने उभे राहावेच लागेल.

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. पण गंमत अशी, की नाकेबंदी अजून ढिली होती त्या पहिल्याच वर्षी दक्षिणेने आपण होऊन कापूस अडवून धरला. इंग्लंडचा गळा आवळला की ते धावत येईल, हा हिशेब. आजच्या भाषेत ज्याला पुरवठ्याचे हत्यार म्हणतात ते हेच.

हे हत्यार दोन्ही बाजूंनी चालते याचा पुरावा आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर आहे. आम्ही डेलावेअरमध्ये राहतो. विल्मिंग्टनजवळ ब्रँडीवाइनच्या काठी ड्यू पॉन्ट कंपनीचे बंदुकीच्या दारूचे जुने कारखाने आहेत. आज तिथे हॅगली नावाचे संग्रहालय आहे. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना हटकून तिथे नेतो. पाण्यावर फिरणारी चक्की पाहून मंडळी खूश होतात. मी मात्र त्यांना सांगतो, की या दारूत तीन-चतुर्थांश सोरा असे आणि त्या सोऱ्याचा मोठा वाटा आपल्या बिहारमधून येई. तिथले नोनिया लोक खारी माती धुऊन, पाणी आटवून सोरा काढत. तो कलकत्त्याहून लंडनला जाई आणि लंडनहून अमेरिकेला.

१८६१ च्या नोव्हेंबरात लिंकन सरकारसाठी लॅमॉट ड्यू पॉन्ट लंडनला गेला आणि मिळेल तेवढा सोरा त्याने विकत घेतला. त्याच महिन्यात उत्तरेच्या एका युद्धनौकेने ‘ट्रेंट’ हे ब्रिटिश टपालजहाज भर समुद्रात अडवून दक्षिणेचे दोन वकील, मेसन आणि स्लायडेल, उतरवून घेतले. इंग्लंड खवळले. कॅनडात फौज रवाना झाली आणि सोऱ्याच्या निर्यातीवर बंदी आली. घेतलेला माल लंडनमध्येच अडकला. अखेर लिंकनने दोन्ही कैदी सोडले आणि मग सोराही सुटला. बिहारच्या मातीतले मीठ दोन महासत्तांच्या वाटाघाटीत असे वजन टाकत होते. मात्र ते काढणाऱ्या नोनियाला त्याची गंधवार्ताही नव्हती.

मुंबईत सोन्याचा धूर

कापसाचे हत्यार दक्षिणेला साधले नाही. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसे धर्मादायाच्या अन्नावर जगली, तरी इंग्लंड युद्धात उतरले नाही. याची कारणे अनेक. गुलामगिरीविरुद्ध तिथले जनमत होते, गोदामांत आधीचा साठा होता. आणि दुसरीकडून कापूस आणता येत होता, हेही एक मोठे कारण. ही दुसरीकडची जागा म्हणजे इजिप्त, ब्राझील आणि मुख्यतः आपला हिंदुस्थान.

आपला कापूस तोवर लिव्हरपूलला कोणी आवडीने घेत नसे. धागा आखूड, आणि गाठीत सरकी, माती, क्वचित दगडसुद्धा. ‘देवा, आम्हाला कापूस दे, पण सुरती देऊ नकोस’ अशी प्रार्थना तिथले गिरणी कामगार करत, असा किस्सा सांगतात. पण गरजवंताला अक्कल नसते. १८६२ साली इंग्लंडच्या एकूण कापूस आयातीत निम्म्याहून अधिक माल हिंदुस्थानचा होता. भाव काही पटींनी चढले. मुंबईत लोकांनी गाद्या-उशा उसवून कापूस विकला, अशा आठवणी मागे राहिल्या आहेत. भेसळ इतकी वाढली, की १८६३ साली सरकारला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला.

त्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्त आले, असे जुने हिशेब सांगतात. एवढा पैसा जिरवायचा कशात? नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे अनभिषिक्त राजे. दलाल, वकील, सरकारी अधिकारी, सगळे त्यांच्या वाड्यावर हजर.

पण भाव ठरत होता लिव्हरपूलला, आणि लिव्हरपूलचे डोळे व्हर्जिनियाच्या रणांगणाकडे. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली ॲपोमॅटॉक्सला शरण आला. अटलांटिकखालून टिकाऊ तार अजून पडायची होती; बातमी बोटीने इंग्लंडला आणि तिथून पुढे मुंबईला आली. आली ती कडेलोट घेऊनच. वायद्यांचा हिशेब चुकता करायचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी देणेकरी इतके आणि घेणेकरी इतके, की कोण कोणाला देणार हेच कळेना. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ वर आला; पुढे ती बँकच बुडाली. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. १८६४ च्या गणतीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजार होती. १८७२ मध्ये ती ६ लाख ४४ हजार भरली.

वऱ्हाडाची वही

शहराची गोष्ट पुस्तकांत सापडते. गावाची शोधावी लागते. तेजीत वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असे सांगतात. खरे-खोटे देव जाणे. पण ज्वारीच्या रानात कापूस शिरला, धान्य महागले, मजुरी वाढली आणि सावकाराचा हात सैल झाला, हे मात्र खरे. ज्याच्या हाती चढ्या भावाचे पीक, त्याला कर्ज देण्यात धोका कसला?

मौज पाहा. ज्या रेल्वेने हा कापूस बंदरावर जायचा ती नागपूरला पोहोचली १८६७ साली आणि खामगावची शाखा उघडली १८७० साली, म्हणजे तेजी ओसरल्यावर. भाव होता तेव्हा गाडी नव्हती आणि गाडी आली तेव्हा भाव उतरला होता. गाडीबरोबर लिव्हरपूलचा भाव मात्र कायमचा दारात येऊन बसला.

देशावरही तेच. पुणे-नगरकडे कापूस फारसा नव्हता, पण तेजीच्या पैशाने पत सगळीकडेच वाढली होती. पुढे भाव पडले, इंदापूरसारख्या तालुक्यांत १८६७ पासून शेतसारा मात्र वाढला, आणि सावकाराने हात आखडला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत लोण पसरले. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की माणसे फारशी मारली गेली नाहीत. जमावाला हवे होते ते कर्जरोखे, आणि ते हाती आले की जाळले जात. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला.

आणि भांडणारे दोघे? इंग्लंडला कापूस पुन्हा मिळू लागला. अमेरिकेत गुलामगिरी संपली, ही मानवजातीची मोठी कमाई. पण मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना जमीन मिळाली नाही. त्यांच्यापैकी बहुतेक जण अर्धलीने शेती करू लागले. बी, औजारे, पीठ-मीठ दुकानदाराकडून उधार आणि त्याबदली पीक आधीच गहाण. मिसिसिपीतला वाटेकरी आणि वऱ्हाडातला कुणबी एकमेकांना कधी दिसले नाहीत. पण दोघांची नावे एकाच तऱ्हेच्या वहीत चढली, आणि दोघांच्या कापसाचा भाव त्याच बाजारात ठरला.

पुन्हा पुन्हा तेच

हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. १९३० नंतर इंग्लंड आणि जपान यांची कापडावरून जुंपली. जपानी कापड स्वस्त. त्यापुढे लँकेशायर आणि मुंबईच्या गिरण्या दोन्ही हतबल. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने बिगर-ब्रिटिश कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. गिरणगावाला हायसे वाटले. जपानच्या सूतगिरण्यांनी लगेच हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. जपान तर आपल्या कापसाचे फार मोठे गिऱ्हाईक! म्हणजे ज्या जकातीने परळची चूल पेटती राहायची, तिनेच वऱ्हाड-खानदेशातली विझायची वेळ आली. शेवटी १९३४ च्या आरंभी तडजोड झाली: जपानने दहा लाख गाठी कापूस घ्यावा, म्हणजे त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड पाठवता येईल. जकातही ५० टक्क्यांवर उतरली.

आणि २०२५? वसंतात आपण चीनच्या जकातींकडे बोट दाखवून हसत होतो. ऑगस्ट अखेरीस भारतीय मालावरच ५० टक्के अमेरिकन जकात बसली. त्यातली निम्मी रशियाकडून तेल घेतल्याबद्दल. भांडण कोणाचे आणि दंड कोणाला! अडचणीत आलेल्या कापडधंद्याला दिलासा म्हणून भारत सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. ती सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. कापडवाल्यांना बरे वाटले. विदर्भात मात्र नवे पीक बाजारात यायच्या तोंडावर परदेशी कापसाला दार उघडे झाले, आणि त्यात अमेरिकन कापूसही आला. १८६१ मध्ये जो कापूस बाजारातून नाहीसा झाला म्हणून आमच्याकडे सोन्याचा धूर निघाला, त्याच कापसाची आता आमच्या गावाला धास्ती.

म्हणून मला ती माकडाची गोष्ट अपुरी वाटते. माकडाला लाभ झाला तो मांजरे भांडली म्हणून नव्हे. तराजू त्याच्या हातात होता म्हणून. आपल्या हातात तो १८६१ ला नव्हता, १९३३ लाही नव्हता. तराजू दुसऱ्याकडे असला, की तिसऱ्याला मिळते ती उसनवारी. भांडण मिटले की ती परत द्यावी लागते, आणि बहुधा ज्याने घेतली तो सोडून दुसराच कोणी ती फेडतो.

तरी सगळेच वाहून गेले असे नाही. प्रेमचंदांनी तेजीतच मुंबई विद्यापीठाला दिलेल्या पैशातून ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या मुले तिथे शिकली. जमशेटजी टाटांच्या घरालाही १८६५ ची झळ लागली होती. त्यांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल काढली. जिथे कापूस पिकतो तिथेच त्याचे सूत निघावे, हा त्यामागचा विचार. तराजूचा एक काटा तरी आपल्याकडे यावा, यासाठीचाच तो खटाटोप म्हणायचा.

आपण इथे नोकऱ्या करतो, आपले भाऊबंद तिथे शेती आणि कारखाने चालवतात. त्यामुळे जकातीची प्रत्येक बातमी आपल्याला दोन्ही अंगांनी लागते. पुढच्या वेळी कोणी पंगतीत ‘आपले फावले’ म्हणाले, तर आनंद जरूर मानावा. त्याबरोबर एवढे मात्र विचारावे, की भाव कोण ठरवतो आहे, कर्ज कोण काढतो आहे, आणि आलेल्या पैशातून गावात काय उभे राहते आहे. भांडण किती दिवस चालेल हे आपल्या हातात नसते. मधल्या दिवसांत आलेला पैसा कशात घालायचा, हे पुष्कळसे असते.