काळ्या भुकटीतला प्राणवायू

बुद्धपौर्णिमेच्या रात्री नागझिऱ्यात प्राणीगणनेला मचाणावर बसायचं, तर झोळीत बॅटरी हवीच. आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. आत घालायचा तो सेल. उतरलेला सेल दगडाने फोडून मधली कांडी ज्यांनी लहानपणी काढली, त्यांच्या बोटांना मँगनीज डायऑक्साइड लागलेलं आहे. ही काळी भुकटी या भागाला परकी नाही. नागझिऱ्याच्या वायव्येला, तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आहे. तिथलं मँगनीज डायऑक्साइड सेलच्या कारखान्यांना जातं. मध्य भारतातल्या मँगनीजच्या एका खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. इथल्या माणसांचं नाव जगाच्या भूशास्त्रात राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या भुकटीची प्राणवायूशी सोयरीक जुनी. १७७०च्या दशकात शेले या स्वीडनच्या औषधवाल्याने ती आम्लात तापवून प्राणवायू काढला. १८६६मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी ती सेलमध्ये घातली, तेव्हा खुलासा सोपा वाटला: सेलमध्ये हायड्रोजन साचला की वीज मंदावते, आणि भुकटी आपला प्राणवायू देऊन त्या हायड्रोजनचं पाणी करते. पिढ्यान्‌पिढ्या पोरं हेच शिकली.

पण प्राणवायू भुकटी सोडून जातच नाही. हायड्रोजनचा आयन येऊन त्याला चिकटतो, आणि इलेक्ट्रॉन घेतो तो मँगनीज. श्रेय धातूकडे गेलं. १९९१मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हाही हिशेब हाच होता: तिच्यातल्या ऑक्साइडात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण कोबाल्टची, प्राणवायू म्हणजे नुसत्या घराच्या भिंती.

मग हिशेब जुळेना. लिथियम जादा असलेली मँगनीजची ऑक्साइडं साडेचार व्होल्टच्या वर चार्ज केली, की ग्रॅममागे २५० मिलिअँपिअर-तासांहून जास्त देत. त्यांतला मँगनीज तर आधीच चार इलेक्ट्रॉन देऊन बसलेला. उरलेले आले कुठून? २०१३मध्ये तारास्काँ यांच्या फ्रान्समधल्या गटाने, भारतीय संशोधक सथिया मरियप्पन यांच्या पुढाकाराने, रुथेनियम-कथिलाच्या अशाच ऑक्साइडात दाखवून दिलं की प्राणवायू स्वतः इलेक्ट्रॉन देतो आणि परतही घेतो. ज्या प्राणवायूच्या शेजारी धातू कमी आणि लिथियम जास्त, त्याचे काही इलेक्ट्रॉन कुणाशी बांधलेले नसतात. तेच आधी सुटतात. या कुळकथेतलं हे वळण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

मात्र ओढ जास्त झाली, की दोन प्राणवायू जोडी करून वायुरूपाने निसटतात. मँगनीज लिथियमच्या मोकळ्या जागांत सरकतो आणि चार्जिंगगणिक व्होल्टेज उतरत जातं. शेलेने जो वायू तापवून बाहेर काढला, त्यालाच आता भुकटीत धरून ठेवायची खटपट चालू आहे: कुणी कणांवर लेप चढवतं, कुणी आत दुसरा धातू मिसळतं.