ठोसा ‘पचवणं’ म्हणजे नेमकं काय मोजायचं?

सरावाने बॉक्सरला ठोसे पचवता येतात का? या प्रश्नाला हात घालण्याआधी ‘पचवणं’ म्हणजे तुम्ही काय मोजणार, ते ठरवा. ठोशाच्या दिशेने डोकं वळवलं तर धक्का कमी बसतो, हे शिकता येतं. पण मेंदू हा काही स्नायू नाही, मार खाऊन तयार व्हायला.

१९२८ साली न्यू जर्सीतले शवचिकित्सक हॅरिसन मार्टलँड यांनी ‘पंच ड्रंक’ हा लेख लिहिला. गंमत बघा, २३ माजी बॉक्सरांची नावं त्यांना रुग्णालयातून नाही, तर एका प्रमोटरकडून मिळाली! लक्षणं प्रेक्षकांना आधीच ठाऊक होती, त्यांना नावंही पडली होती. वैद्यकशास्त्र मागून आलं. मार्टलँडना हा आजार दिसला तो मुख्यतः बचाव सोडून मार खात पुढे घुसणाऱ्यांत. म्हणजे दोन पायांवर टिकणं मोजलं तर हेच सगळ्यात दणकट, आणि मेंदू पाहिला तर हेच रुग्ण.

दुसरा गट होता सरावासाठी ठेवलेल्या दुय्यम बॉक्सरांचा. ते दिवसातून कित्येकदा खाली पडत. तुम्ही फक्त सामन्यांच्या नोंदी चाळल्यात, तर त्यांचा एकही ठोसा तुम्हाला सापडणार नाही.