आगगाडींतील वेणीफणी

शिष्टाचाराचे नियम सनातन असतात अशी एक समजूत आहे. कोणी चारचौघांत कांहीं गैर केलें, कीं ‘पूर्वीं असें नव्हतें’ हे शब्द आपल्या तोंडून सहज निघतात. परंतु या नियमांचा इतिहास पाहिला म्हणजे असें आढळतें कीं, बहुतेक नियम एखाद्या जागेच्या, वेळेच्या व सोयीच्या आधारानें उभे राहिलेले असतात; आणि तो आधार सरकला तरी नियम मात्र आपल्या जागीं राहून माणसांस दोष देत राहतो. सकाळच्या लोकल गाडींत केस विंचरणें, पावडर लावणें, टिकली लावणें किंवा नखें काढणें हें सभ्यपणाचें आहे कीं नाहीं, हा वाद वरवर क्षुल्लक दिसतो. तरी पण सार्वजनिक जागेंत कोणाचा किती अधिकार, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे. म्हणून त्याचा थोडा ऐतिहासिक विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जुना काळ पाहूं. साजशृंगार एकांतांतच व्हावयाचा, हा नियम सर्व देशीं व सर्व काळीं होता असें नाहीं. फ्रान्सचा राजा चौदावा लुई सकाळीं शय्येवरून उठे तो दरबारी मंडळींच्या देखत, आणि त्याच्या वस्त्रें चढविण्याच्या वेळीं हजर राहणें हा मोठा मान समजला जाई. आपल्याकडे पुरुषांची हजामत ओटीवर, अंगणांत, झाडाखालीं, नदीच्या घाटावर, म्हणजे उघड्यावरच होत आली, आणि तींत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं. स्त्रियांची वेणीफणी मात्र माजघरांत किंवा परसदारीं होई. तिची वेळहि बहुधा ठरलेली असे. कारण तिन्हीसांजा केस विंचरणें अशुभ मानीत. विंचरून झाल्यावर गुंतवळ बोटाभोवतीं गुंडाळून बाजूस ठेवावयाचें, घरभर उडूं द्यावयाचें नाहीं, हा धडा प्रत्येक मुलीस आजीकडून मिळे. या धड्यांत लाजेपेक्षां शेजारधर्म अधिक आहे. आपल्या अंगावेगळी झालेली वस्तु दुसऱ्याच्या पानांत जाऊं नये, एवढेंच त्यांत सांगणें आहे.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत या विषयाशीं संबंध असलेले दोन नियम आढळतात. एकांत दांतांनीं नखें तोडण्याचा निषेध केला आहे. दुसऱ्यांत असें सांगितलें आहे कीं, डोळ्यांत अंजन घालीत असलेल्या किंवा अंगास तेल लावून उघडी असलेल्या स्त्रीकडे तेजाची इच्छा धरणाऱ्या द्विजानें पाहूं नये. स्मृतिकारांच्या स्त्रीविषयक मतांचा कैवार घेण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. तथापि येथें बंधन कोणावर घातलें आहे तें पाहण्यासारखें आहे. अंजन घालूं नये असें त्या स्त्रीस सांगितलेलें नाहीं. पाहूं नये असें पाहणारास सांगितलें आहे. नखांच्या बाबतींत दोष करणाराचा, अंजनाच्या बाबतींत पाहणाराचा. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें याच भेदाचा विसर पडलेला आपणांस दिसणार आहे.

आतां आगगाडीकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. अंतर सुमारें ३४ किलोमीटर. त्या काळीं प्रवास हा बहुतेकांच्या आयुष्यांतील एक प्रसंग होता. प्रवासास निघावयाचें म्हणजे घरून सर्व आवरून, शिदोरी बांधून निघावयाचें. इंजिनाच्या धुरानें व कोळशाच्या कणांनीं चेहरा काळवंडत असतां वाटेंत नटण्यास फारसा अर्थहि नव्हता. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ६४ व्या कलमानें उतारूंच्या प्रत्येक गाडींत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांकरितां राखून ठेवण्याचें बंधन कंपन्यांवर घातलें. आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणारी असेल तर अशा एका कप्प्यास शौचकूपहि जोडला पाहिजे, असें ठरविलें. म्हणजे लांबच्या प्रवासांत स्त्रीस भिंत आणि आडोसा दोन्ही मिळालीं. जवळच्या प्रवासांत नुसती भिंत मिळाली. मुंबईच्या लोकल गाडींत आजहि शौचकूप नाहीं, तोंड धुण्यास पाणी नाहीं, आरसाहि नाहीं. जें करावयाचें तें बसल्या जागींच, नाहीं तर उभ्या उभ्या.

महात्मा गांधींनीं १९१७ सालीं तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयीं लेख लिहिला, तेव्हां त्यांचा कटाक्ष गर्दीवर, घाणीवर, डब्यांत थुंकणाऱ्यांवर व रेल्वेच्या बेपर्वाईवर होता. आगगाडींतील सभ्यपणाची आपल्याकडील ही चर्चा सहप्रवाशाच्या त्रासापासून सुरू झाली, हें लक्षांत घेतलें पाहिजे. कोण कसा दिसतो, हा तिचा विषय नव्हता.

पुढें ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास विजेची पहिली गाडी धांवली, आणि ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली हा मार्गहि विजेवर चालूं लागला. धूर गेला, गाड्या जलद झाल्या, वारंवार सुटूं लागल्या. कचेऱ्या बेटाच्या दक्षिण टोकास आणि बिऱ्हाडें उत्तरेकडे, अशी मुंबईची मांडणी उत्तरोत्तर ताणत गेली. आज विरार चर्चगेटपासून सुमारें ६० किलोमीटरांवर व कल्याण बोरीबंदरापासून सुमारें ५४ किलोमीटरांवर आहे; तेथून रोज येणारे लोक असंख्य आहेत. प्रवास हा प्रसंग राहिला नाहीं. तो दिवसाचा एक प्रहर होऊन बसला. शाळा, टपालखातें, टेलिफोन, बँका व कचेऱ्या यांत स्त्रियांची संख्या जसजशी वाढली, तसतसा बायकांचा डबाहि भरत गेला. इतका कीं, ५ मे १९९२ रोजीं पश्चिम रेल्वेस चर्चगेट व बोरिवली यांच्या दरम्यान संबंध गाडीच स्त्रियांसाठीं सोडावी लागली.

या डब्यांत जी रीत पडून गेली आहे ती कोणत्याहि कायद्यांत लिहिलेली नाहीं. तिघींच्या बांकावर चवथीस टेकण्यापुरती जागा द्यावयाची. बसलेलीस ‘कुठें उतरणार?’ असें विचारून तिची जागा आधींच सांगून ठेवावयाची. आणि एकदां जागा मिळाली म्हणजे पर्स उघडून घरीं राहून गेलेलें उरकून घ्यावयाचें. कोणी ओले केस पुसून वेणी घालते, कोणी टिकली लावते, कोणी पदराची पिन शेजारणीकडून लावून घेते, गजऱ्याचा अर्धा भाग दुसरीस देते. नवरात्रांत व संक्रांतीस याच डब्यांत हळदीकुंकवेंहि होतात. माजघरच येथें रुळांवर आलें आहे असें म्हटलें तरी चालेल. मात्र हें माजघर बेशिस्त नाहीं. मोकळे केस शेजारणीच्या तोंडावर उडूं लागले तर ती लगेच ‘केस बांधा हो’ म्हणून सांगते. पंख्याखालीं पावडर उधळणारीस, तीव्र वासाचें अत्तर फवारणारीस किंवा नखें काढणारीस बोलणीं खावीं लागतात. आजीचा गुंतवळाचा नियम येथें जिवंत आहे. गर्दीच्या वेळीं एका चौरस मीटरांत १४ ते १६ माणसें उभीं असतात अशा गाडींत हा नियम नसता तर प्रवास अशक्यच झाला असता.

आतां परदेशांत काय झालें तें पहा. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनें २०१४ च्या अखेरीस सौजन्याची एक मोहीम काढली. तींत नखें कापणें आणि नटणें हीं दोन्ही एकाच फलकावर बसविलीं. तोकियोंतील एका रेल्वे कंपनीनें २०१६ सालीं, गाडींत तोंडास रंग लावणाऱ्या स्त्रिया ओंगळ दिसतात, अशा आशयाचीं चित्रें लाविलीं, आणि त्यावर जपानांत मोठा वाद माजला. आमच्या मतें हा घोटाळा त्या जुन्या भेदाच्या विस्मरणानें झालेला आहे. नखाचा तुकडा उडून दुसऱ्याच्या अंगावर पडतो. त्यास बंदी करणें न्याय्य आहे. शेजारणीस धक्का न लावतां कोणी डोळ्यांत काजळ घातलें, तर तिनें कोणाचें काय नेलें? येथें जें खुपतें तें पाहणाराच्या मनांतील आहे, आणि त्यास उपायहि पाहणाराच्याच हातीं आहे.

यावर असा आक्षेप येईल कीं, हीं कामें घरींच कां उरकूं नयेत? प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर घड्याळास विचारलें पाहिजे. केंद्र सरकारनें २०१९ सालीं केलेल्या वेळेच्या पाहणींत असें आढळलें कीं, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें घालवितात, आणि तेंच काम करणारे पुरुष ९७ मिनिटें. पहांटे उठून डबे भरणारी, मुलांस शाळेस लावणारी, आणि आठ वाजतांची गाडी गांठणारी स्त्री आरशापुढें उभी राहावी तर ती कोणत्या मिनिटांत? ‘घरीं आवरून या’ हा नियम ज्यांनीं केला, त्यांस घरांत रिकामी वेळ, स्वतंत्र खोली व हातांत चहा आणून देणारें माणूस होतें. त्या आधारावांचून तोच नियम दुसरीस लावणें हा शिष्टाचार नव्हे, अन्याय होय.

याचा अर्थ गाडींत वाटेल तें करावें असा कोणीं घेऊं नये. आपल्या अंगावरचें कांहीं दुसऱ्याच्या अंगावर जाऊं नये, आपला कोंपर दुसऱ्याच्या जागेंत जाऊं नये, आणि आपला वास दुसऱ्याच्या श्वासांत जबरदस्तीनें शिरूं नये, हें बंधन पुरुषांच्या डब्यासहि तितकेंच लागू आहे. तंबाखू मळून हात झटकणाऱ्यांनीं तें विशेष लक्षांत ठेवावें. याच्या पलीकडे जें उरतें तें ज्याचें त्याचें आहे. रात्रीं घरीं आल्यावर भांडीं कोणीं घासावयाचीं आणि पहांटे डबे कोणीं भरावयाचे, याची वांटणी ज्या दिवशीं सरळ होईल, त्या दिवशीं गाडींतील फण्या आपोआप कमी होतील. तोंपर्यंत त्या फणीस नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या घरांतील घड्याळाकडे एकदां पहावें, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.