गणपतीची शमी, राजस्थानची खेजडी

गणरायाला आपण दूर्वांबरोबर शमीची पत्री वाहतो. कानोत्याकडे खेजडी म्हणतात ती हीच शमी.

१७३० साली भाद्रपद शुद्ध दशमीला, म्हणजे आपल्या उत्सवाच्याच दिवसांत, जोधपूरजवळच्या खेजडली गावी महाराजा अभयसिंहांच्या महालाचा चुना भाजण्यासाठी खेजड्या तोडायला माणसे आली. अमृतादेवी बिष्णोई झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांच्यासह ३६३ जणांनी प्राण दिले.

पुढे त्याच जोधपूर संस्थानात झटपट हिरवळीसाठी विलायती बाभूळ पसरवली गेली. तिने देशी झाडांची जागा बळकावली. १९८३ मध्ये खेजडी राज्यवृक्ष ठरली. पण मान मिळाला तरी जागा परत मिळवावी लागतेच. २००६ पासून मेहरानगडाच्या पायथ्याशी ही बाभूळ मुळासकट काढून मूळची झाडे-झुडपे लावली गेली. जयपूरच्या किशनबागेतही देशी वनस्पतींचाच मेळ आहे.

त्यातून धडा एकच : एका जातीची रांग नको. खेजडी, रोहिडा, कुमट, केर, बोर अशी मिसळ लावावी. दुष्काळात एक खचले तरी दुसरे तगते. खेजडीखाली बाजरीही चांगली येते.

यंदा शमीची पत्री वाहताना एक रोपही लावू या. गणपती बाप्पा मोरया!