तुंगुस: एका नावाची कुळकथा

सतराव्या शतकात येनिसेईच्या पूर्वेस सरकणाऱ्या रशियन कोसॅकांनी रेनडियर पाळणाऱ्या तेथील शिकारी लोकांस ‘तुंगुस’ म्हटले. त्यांतील बहुतेक स्वतःला ‘एवेंकी’ म्हणवीत. परका शब्द बहुधा शेजारच्या तुर्कीभाषकांकडून आला. तुर्की भाषांतील डुकराच्या ‘तोंगुझ’ या नावाशी काहींनी तो जोडला. परंतु डुकरे न पाळणाऱ्यांना हे नाव का पडावे? चिनी बखरींतील ‘तुंग-हू’शी सांगितलेले नाते तर निव्वळ ध्वनिसाम्याचे. आम्हास दोन्ही व्युत्पत्ती पटत नाहीत.

१९३० च्या सुमारास सोव्हिएत सरकारने ‘एवेंकी’ हे नाव अधिकृत केले. भाषाशास्त्रात मात्र एवेंकी, एवेन, नानाई यांच्या कुळाला अजून ‘तुंगुसी’च म्हणतात. १६४४ ते १९१२ चीनवर राज्य करणाऱ्या छिंग घराण्याची मांचू, आज जवळजवळ लुप्त झालेली, तीही याच कुळातली.

याच भाषांतला ‘शामान’ हा शब्द रशियनमार्गे जगभर गेला. त्याचे मूळ आपल्या ‘श्रमण’मध्ये, बौद्ध धर्माबरोबर मध्य आशियातून उत्तरेस गेलेले, असे काही विद्वान मानीत. भारतीय वाचकास हे सुखावते. पण त्या प्रवासातले दुवे जुळत नाहीत, आणि एवेंकींच्या तोंडी तो शब्द पुरता घरचा आहे.