गुणवंतांचा फलक

मराठी शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फलक हमखास असतो. काळा किंवा गडद हिरवा, लाकडी चौकटीचा. वर मोठ्या अक्षरात "शालान्त परीक्षेत प्रथम आलेले विद्यार्थी" आणि खाली तीन रकाने : वर्ष, नाव, शेकडा गुण. जुनी नावं पिवळट पडलेली, नवी पांढरीशुभ्र. पेंटर बदलला की अक्षराचं वळणही बदलतं. माझं सगळं शिक्षण पालघरात झालं आणि नातेवाईक केळवे-माहीमपासून बोईसरपर्यंत पसरलेले, त्यामुळे असे फलक मी बरेच पाहिले. लग्नाचा हॉल म्हणून शाळाच घेतलेली असली, तर पंगतीला नंबर लागेपर्यंत दुसरं करायचं तरी काय!

आता फलकाच्या जोडीला फ्लेक्सही आले. निकाल लागला की बोईसर स्टेशनबाहेर "हार्दिक अभिनंदन"ची रांग लागते. मुलाच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे, हा भाग सोडून देऊ. बोर्डाची गुणवत्ता यादी २००० च्या दशकातच बंद झाली, पण आपली यादी करायची हौस काही संपलेली नाही.

मला काही दिवसांपासून प्रश्न पडलाय तो असा : आपल्या या पट्ट्यातल्या शाळांचा इतिहास लिहायचा झाला, तर तो या फलकावरून लिहिता येईल का?

थोडं मागे जाऊ. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची. त्यानंतर पाचच वर्षांत, १८६४ साली, आपल्या पालघरवरून जाणारी मुंबई-अहमदाबाद रेल्वे सुरू झाली. म्हणजे परीक्षा आली, गाडी आली, पण हायस्कूल यायला बराच वेळ लागला. इंग्रजी शिकायचं तर मुंबई किंवा पुणे. माहीमचे शंकर वामन दांडेकर, म्हणजे सोनोपंत दांडेकर (१८९६-१९६८), असेच बाहेर गेले आणि पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि वारकरी कीर्तनकार, दोन्ही एकाच माणसात. आज पालघरच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. गाव सोडून गेलेल्या हुशार मुलाचं नाव पुढे गावातल्याच कॉलेजवर लागावं, ही मला फार छान परतफेड वाटते.

गावातच हायस्कूल काढायचा मोठा प्रयत्न थोडा उत्तरेला, बोर्डीला झाला. १९१८ साली स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२० मध्ये तिथे हायस्कूल सुरू केलं. शाळेला नाव सुनाबाई पेस्तनजी हकीमजी, म्हणजे पारशी घराण्याचं. शिकवायला आचार्य भिसे आणि चित्रे यांच्यासारखी ध्येयवादी मंडळी. पारशी दान, मराठी शिक्षक आणि आजूबाजूच्या वाड्यांमधली मुलं, असा तो मेळ. शाळा ही इमारतीपेक्षा मोठी गोष्ट असते हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. भिसे तर पुढे आसपासच्या आदिवासींच्या कामातही पडले.

आता पालघर. आमच्या गावात नावांची एक यादी अशी आहे की तिच्यापुढे गुणांचा रकाना नाही. १४ ऑगस्ट १९४२. "चले जाव"ची घोषणा होऊन आठवडाही झालेला नव्हता. गावोगावचे लोक पालघरच्या कचेरीवर मोर्चा घेऊन आले आणि पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, पालघरचे रामप्रसाद तिवारी, मुरब्याचे रामचंद्र चुरी आणि सालवडचे सुकुर मोरे. त्यांच्या नावाचा हुतात्मा स्तंभ गावात आहे आणि दरवर्षी १४ ऑगस्टला दुकानं बंद ठेवून पालघर त्यांना अभिवादन करतं.

पालघरच्या मुलाला १५ ऑगस्टच्या आधी १४ ऑगस्ट कळतो. देशभर दुसऱ्या दिवशी झेंडा, आमच्याकडे आदल्या दिवशी स्तंभ. मला त्यातलं नावं वाचणं सगळ्यात लक्षात आहे. बक्षीस समारंभात कसं, नाव आणि इयत्ता पुकारतात. इथे नाव आणि गाव. सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड. वर्गात त्या त्या गावची मुलं असायचीच. आपल्या गावाचं नाव आलं की पाठ सरळ व्हायची. पहिला नंबर कोणाचा हा प्रश्नच तिथे नव्हता. पाच जणांना आपण एकत्रच आठवतो, आणि तेही गावासकट.

मग साठचं दशक आलं आणि सगळंच बदललं. तारापूरला भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र उभं राहिलं. १९६९ मध्ये वीज सुरू झाली. त्याच वर्षी अणुऊर्जा शिक्षण संस्थाही स्थापन झाली, प्रकल्पांवर काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी. मागोमाग एमआयडीसीचे कारखाने आले. एरवी चिकू, पानवेल, भात आणि मासळी यांवर चाललेल्या या पट्ट्यात एकदम केरळ, बंगाल, उत्तर प्रदेश, आंध्र सगळीकडची माणसं आली. कॉलनीतल्या एका बाकावर तीन भाषा बसू लागल्या. कॉलनीतल्या नातेवाईकांकडे गेलं की ओणमची रांगोळी, दुर्गापूजेचा मांडव आणि आपला सार्वजनिक गणपती, सगळं पाचशे पावलांत. स्नेहसंमेलनात कोळीगीत हमखास असायचं, आणि त्यात नाचणाऱ्या निम्म्या मुलींनी सातपाटीचा बंदर पाहिलेलासुद्धा नसायचा. पण नाचायच्या मात्र झकास!

या बदलाची दुसरी बाजूही लिहायला हवी. तीन आणि चार क्रमांकाच्या अणुभट्ट्या झाल्या (२००५-०६), त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. समुद्राकाठची गावं, मासेमारी आणि शेती करणारी. गाव उठतं तेव्हा देऊळ उठतं, विहीर उठते, आणि शाळाही उठते. नवी वसाहत होते, नवी इमारत मिळते. पण "आमच्या शाळेत माझा बाप शिकला" हे वाक्य काही नव्या इमारतीत हलवता येत नाही. वीज देशभर गेली हे यश मोठंच आहे. त्याची किंमत कोणी मोजली हेही त्याच्या शेजारी लिहिलं पाहिजे.

आता पालघरचं आजचं सर्वात मोठं नाव. शार्दूल ठाकूर. माहीमचा मुलगा, जन्म १९९१. त्याची गोष्ट क्रिकेटवाल्यांना पाठ आहे, पण मी ती शाळेच्या अंगाने सांगतो. शार्दूल बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरकडून खेळत होता. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्धच्या सामन्यात त्याचा खेळ त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या डोळ्यात भरला. (हेच लाड सर रोहित शर्माचेही गुरू, २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला.) त्यांनी मुलाला बोरिवलीला पाठवा म्हणून घरच्यांना सांगितलं. पण पालघर-बोरिवली रोज जाऊन-येऊन दहावीच्या वयाचा मुलगा खेळणार कधी आणि अभ्यास करणार कधी? तेव्हा लाड सरांनी त्याला चक्क आपल्या घरी ठेवून घेतलं. त्याच शाळेकडून २००६ साली हॅरिस शील्डमध्ये त्याने एका षटकात सहा षटकार मारले. १८९६ पासूनची स्पर्धा ही, मुंबईच्या शालेय क्रिकेटमधली मानाची.

प्रवासाचं हे गणित बाहेरच्या माणसाला कळणार नाही. चर्चगेटहून डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी विरारच्या पुढे आमची सगळी भिस्त शटलवर, मेमूवर आणि थांबणाऱ्या चार मेल-एक्स्प्रेसवर. एक गाडी चुकली की तास-दोन तास गेले. क्रिकेटचं भलंमोठं किटबॅग घेऊन विरारला गाडी बदलणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. या पट्ट्यातल्या कितीतरी मुलांचे खेळ, गाणी, नाटकं शटलच्या वेळापत्रकात अडकून संपली. त्यांच्यात गुण कमी नव्हते. शेवटची गाडी लवकर होती, एवढंच.

पुढे १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनचा कसोटी सामना भारताने जिंकला. त्या सामन्यात शार्दूलच्या ६७ धावा, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ ची भागीदारी आणि दोन्ही डावांत मिळून सात बळी. भागीदारी सुरू झाली तेव्हा भारत ६ बाद १८६ होता. पण मला आवडते ती २०१८ ची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतल्यावर हा गडी अंधेरीला लोकलमध्ये बसून पालघरला आला, आणि डब्यातली पोरं मोबाइलवर फोटो शोधून हा खरंच तोच का याची खात्री करत होती!

तर अशा मुलाचं नाव कुठल्या शाळेच्या फलकावर लिहायचं? बोईसरच्या की बोरिवलीच्या? दोघींचाही हक्क आहे. शिवाय फलकावर जागा एका नावाची. मुलाला घरात घेणाऱ्या लाड सरांच्या कुटुंबाचं नाव कुठे लिहायचं?

आता मुद्द्यावर येतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. आपल्या जिल्ह्यात समुद्रकिनारा आहे, कारखाने आहेत, आणि पूर्वेला जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे डोंगरही आहेत. तिथली कितीतरी कुटुंबं भातकापणी उरकली की दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, मुलांना घेऊन. परत येतात ती होळीच्या आगेमागे, कधी थेट पावसाच्या तोंडावर. मध्ये शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. यावर उपाय शोधणारी माणसंही याच मातीत झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. मूल गुरं राखायला जातं ना, मग शाळाच कुरणात नेऊ, अशी त्यांची कुरणशाळा. पुढे वसई भागात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे मजुरांची पेंढ्या-गवताची तात्पुरती झोपडी. शाळाही तसल्याच झोपडीत.

हे सगळं लहान मुलांसाठी झालं. पण विचार करा, त्यातलीच एखादी मुलगी भट्टीवरून परत येऊन आठवी, नववी करत दहावीला बसते आणि पंचेचाळीस टक्क्यांनी पास होते. माझ्या मते ती तिच्या शाळेची त्या वर्षीची सर्वात मोठी बातमी आहे. फलकावर मात्र तिला रकाना नाही. आणि रकाना नसला की हळूहळू शिक्षकांचं लक्षही रकाना असलेल्या मुलांकडेच जातं. पहिल्या पाकळीतल्या दहा मुलांचे जादा तास होतात, शेवटच्या बाकावरचं मूल होळीनंतर आलं नाही हे एप्रिलमध्ये कळतं. फलकाबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच.

माझ्या मते शाळेचा खरा इतिहास जनरल रजिस्टरमध्ये असतो. त्यात प्रत्येकाचं नाव येतं, पहिल्याचंही आणि नापासाचंही. जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. आणि शेवटी "शाळा सोडल्याचे कारण". तो एक रकाना ओळीने वाचला तर या पट्ट्याचा शंभर वर्षांचा इतिहास हाती लागेल. कोणाच्या वडिलांची बदली, कोणाचं गाव उठलं, कोणाचं लग्न ठरलं, कोण "सतत गैरहजर". शाळांनी शताब्दीला स्मरणिका काढताना गुणवंतांच्या यादीबरोबर या रजिस्टरचीही चार पानं कोणीतरी नीट अभ्यासावीत (नावं झाकून), असं मला मनापासून वाटतं.

आणि बक्षीस समारंभात एखादं बक्षीस परत आलेल्या मुलासाठीही असावं. मध्येच शाळा सुटली आणि तरी पुन्हा येऊन बसला, त्याच्यासाठी. पैसे फार लागणार नाहीत. एक कंपासपेटी, एक डिक्शनरी, आणि नाव पुकारताना गावाचाही उल्लेख. १४ ऑगस्टला आपण करतो तसाच.

घरातल्या मंडळींना एक काम सांगतो. पुढच्या लग्नकार्यात भेटलो की आत्या-काकांना विचारा : तुमच्या वर्गात किती मुलं होती, आणि दहावीपर्यंत किती उरली? बाकीची कुठे गेली? मी विचारायला सुरुवात केली आहे. पहिला कोण आला होता ते सगळ्यांना पटकन आठवतं. बाकीच्यांची नावं आठवायला चहाचा दुसरा कप लागतो, पण मग एकेक करून येतात बरं का सगळी.